राखीव पहारेकरी जागा आहे काय?

आमच्या लहानपणी पोळात रात्रीचा पहारा असे. पहारेकरी हातातील काठी फरशीवर आपटीत पोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, आणि थोड्या थोड्या वेळाने तिचा 'ठक् ठक्' असा आवाज बंद दारांतून आत येई. त्या आवाजाने कोणाची झोपमोड होत नसे. उलट, एखाद्या रात्री तो आला नाही, की घरातील वडीलधारी मंडळी जागी होत आणि कंदील घेऊन ओट्यावर येत. आवाजाने झोप लागावी आणि शांततेने जाग यावी, ही गोष्ट आम्हां मुलांना मोठी विलक्षण वाटे. पुढे यंत्रांच्या दुनियेत पोटापाण्याचा उद्योग सुरू केल्यावर ध्यानात आले की, आजच्या मोठ्या कारखान्यांचा, विजेच्या उपकेंद्रांचा आणि शहरांच्या पाणीपुरवठ्याचा कारभार बऱ्याच अंशी याच नियमावर चालतो. तो कसा, हे शालेय वाचकांना सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

कारखान्यात शेकडो यंत्रे असतात. टाकीतील पाण्याची पातळी मोजणारे यंत्र निराळे, भट्टीचे तापमान सांगणारे निराळे, पंप चालू-बंद करणारे निराळे. ही यंत्रे वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कंपन्यांनी तयार केलेली असल्यामुळे त्यांची बोलण्याची रीतही एक नसते. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॉडिकॉन कंपनीने 'मॉडबस' नावाची एक भाषा प्रचारात आणली. ती आजही असंख्य यंत्रे बोलतात. वीजवाहिन्यांच्या कारभारात दुसऱ्याच भाषा रूढ आहेत. नियंत्रण-कक्षातील संगणकाला मात्र या सर्वांचे म्हणणे एकाच भाषेत ऐकावयाचे असते. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. यंत्रांचे निरोप ऐकावयाचे, त्यांचे रूपांतर करून वर पाठवावयाचे आणि वरून आलेली आज्ञा यंत्राला कळेल अशा शब्दांत खाली सांगावयाची, हे त्याचे काम. इंजिनियर लोक या दुभाष्याला 'गेटवे' म्हणतात. दिसावयास ही एक लहानशी पेटी; परंतु ती मुकी झाली, की नियंत्रण-कक्ष आंधळा होतो. टाकी भरते आहे की रिकामी होते आहे, हे तेथे बसलेल्या माणसाला कळत नाही आणि त्याची आज्ञाही यंत्रापर्यंत पोहोचत नाही.

अशा मोक्याच्या जागी एकावर विसंबून कसे चालेल? म्हणून गेटवे जोडीने बसवितात. एक मुख्य, दुसरा राखीव. मुख्य काम करीत असतो, राखीव त्याच्याकडे लक्ष ठेवून असतो. मुख्य कोलमडला, की राखीवाने तत्काळ कारभार हाती घ्यावयाचा. या हस्तांतराला 'फेलओव्हर' असे नाव आहे.

आता प्रश्न असा की, मुख्य कोलमडला हे राखीवाला कळावे कसे? मरणारा काही 'मी मरतो आहे' असे सांगून मरत नाही. येथेच आपल्या पहारेकऱ्याची काठी उपयोगी पडते. मुख्य गेटवे ठरावीक अंतराने राखीवाकडे 'मी आहे' एवढाच एक लहानसा संदेश धाडीत असतो. या संदेशाला हृदयाच्या ठोक्यावरून 'हार्टबीट' म्हणतात. ठोका येत आहे तोवर राखीवाने गप्प बसावयाचे. ठोका थांबला, की ती शांतता हाच निरोप समजावयाचा.

परंतु किती शांतता झाली म्हणजे धावून जावयाचे? एक ठोका चुकला तर लगेच नव्हे. कारण वाटेत क्षणभर संदेशांची गर्दी झाल्यामुळेही एखादा ठोका हरवतो. संगणकांच्या जाळ्यातील वाटाड्या यंत्रांसाठी 'व्हीआरआरपी' नावाचा एक सर्वमान्य नियम आहे. त्यात मुख्य यंत्र साधारणतः दर सेकंदाला एक ठोका देते आणि सुमारे ३ सेकंद काहीच ऐकू आले नाही, म्हणजे राखीव पुढे सरसावते. दोघांमध्ये एक सामाईक पत्ता असतो. राखीव तो पत्ता आपल्याकडे घेते आणि पत्र पाठविणाऱ्यांना घरमालक बदलल्याची वार्ताही लागत नाही. विजेच्या उपकेंद्रांत वापरल्या जाणाऱ्या '१०४' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमात सामान्यतः असे ठरलेले असते की, २० सेकंदांत तारेवर काहीच बोलणे झाले नाही, तर एक चाचणी-संदेश पाठवावा आणि १५ सेकंदांत त्याची पोच आली नाही, तर ती वाट तुटली असे धरावे. म्हणजे वाट मेल्याचे कळावयास कधी कधी ३५ सेकंदही लागू शकतात. हा काळ फार कमी ठेवला, तर राखीव विनाकारण धावत सुटेल. फार जास्त ठेवला, तर संकटसमयी उशीर होईल. पेशंटची नाडी किती वेळ धरून ठेवावी हे वैद्याला जसे अनुभवाने समजते, तसेच हेही आहे.

येथवर सर्व सोपे वाटते. मुख्य पडला, राखीव उठला, काम पुढे चालू. खरी मेख पुढेच आहे. मुख्यावर राखीवाचा पहारा आहे, हे ठीक. पण राखीवावर कोणाचा पहारा?

नोकरीच्या प्रारंभीच्या काळातील एक प्रसंग माझ्या मनात कायमचा कोरला गेला आहे. एका कारखान्यात थंड पाण्याच्या टाकीवर देखरेख ठेवणाऱ्या गेटवेची अशीच जोडी होती. दोन्ही पेट्यांवर हिरवे दिवे जळत असत. मी रोज येता-जाता ते दिवे पाही आणि निश्चिंत होई. एका दुपारी मुख्य पेटी बंद पडली. राखीवाने दोन-तीन सेकंदांत कारभार हाती घेतल्याची नोंद पडद्यावर उमटली आणि मी मनातल्या मनात त्या योजनेचे कौतुक केले. टाकीची पातळी ६२ टक्के दिसत होती. शेजारी एक वयस्क मराठी ऑपरेटर बसले होते. आम्ही सारे तरुण त्यांना काका म्हणत असू. ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, हा आकडा हलत नाही."

"पातळी स्थिर आहे, काका. चांगलेच आहे की."

"छे! पाणी इतकं शहाणं नसतं. दशांश चिन्हापुढचा आकडा एरवी सारखा थरथरत असतो. तो गोठलाय."

एवढे बोलून ते उठले आणि थेट टाकीकडे धावले. पाच-सात मिनिटांनी परत आले तेव्हा घामाघूम झाले होते. टाकी जवळजवळ तळाला गेली होती. दुसरा पंप त्यांनी स्वतःच्या हाताने चालू केला होता. आणखी काही वेळ गेला असता, तर थंड पाण्यावाचून पुढची यंत्रे तापून काय अनर्थ झाला असता, याची कल्पनाच करवत नाही. शोध घेता असे निघाले की, चार महिन्यांपूर्वी पेटी पुसताना राखीव गेटवेची टाकीकडे जाणारी तार निसटली होती आणि ती पुन्हा नीट बसविली गेली नव्हती. राखीवाला वीज मिळत होती, म्हणून दिवा हिरवा होता. मुख्याशी त्याचे बोलणे चालू होते, म्हणून ठोकेही व्यवस्थित होते. टाकीकडे मात्र त्याचा कानच नव्हता. कारभार हाती येताच त्याने शेवटचा माहीत असलेला आकडा पुढे केला आणि तोच धरून बसला.

"दिवा तर हिरवा होता, काका," मी ओशाळून म्हणालो.

"दिव्याला तुम्ही 'वीज आहे का' एवढंच विचारलं होतंत, साहेब. त्याचं उत्तर त्यानं खरं दिलं."

त्या एका वाक्यात या शास्त्राचे सार आहे. 'तू जिवंत आहेस काय?' हा एक प्रश्न आणि 'तुला काम करता येते काय?' हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरणे, ही फार महागात पडणारी चूक आहे. म्हणून चांगल्या योजनेत राखीव गेटवे नुसता बसून राहत नाही. तोही अधूनमधून यंत्राकडून एखादा निरुपद्रवी आकडा वाचून पाहतो आणि 'मी वाचू शकलो' असे कळवितो. शिवाय प्रत्येक आकड्याबरोबर त्याची वेळ लिहिलेली असते. आकडा शिळा झाला, की पडद्यावर त्याचा रंग बदलतो. '१०४' च्या नियमातही ही दूरदृष्टी आहे. जोडवाटांपैकी एकाच वाटेने माहिती वाहते. परंतु रिकाम्या वाटांवरही चाचणी-संदेश फिरत ठेवावे लागतात, जेणेकरून पडून असलेली वाट तुटली तर तेव्हाच कळावे, गरजेच्या क्षणी नव्हे.

हे किती महत्त्वाचे आहे, ते अंकगणितानेच पाहू. समजा, प्रत्येक गेटवे वर्षातून एकदा बिघडतो आणि तो दुरुस्त करण्यास ८ तास लागतात. वर्षाचे तास ८,७६०. एकच गेटवे असेल, तर वर्षातून ८ तास अंधार. आता दोन गेटवे बसविले आणि कोणताही बिघाड तत्क्षणी कळतो असे मानले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ ८ गुणिले ८ भागिले ८,७६० तास, म्हणजे वर्षाकाठी सरासरी अवघे २६ सेकंद! ८ तासांवरून २६ सेकंदांवर येणे, हा जोडीचा चमत्कार होय.

परंतु राखीवाचा बिघाड कळण्याची सोयच नसेल आणि त्याची तपासणी वर्षातून एकदाच होत असेल, तर? बिघाड वर्षाच्या कोणत्याही दिवशी होऊ शकतो. म्हणून सरासरीने पाहता तो अर्धे वर्ष मेलेलाच राहील. मुख्य पडेल त्या क्षणी राखीव जागा असण्याची शक्यता रुपयात आठ आणे. अंधाराचा काळ होईल वर्षाकाठी सरासरी ४ तास. तीच तपासणी रोज केली, तर राखीवाचा बिघाड सरासरीने १२ तास लपून राहील आणि दुरुस्तीचे ८ तास धरून तो २० तास निकामी असेल. मग अंधाराचा काळ ८ गुणिले २० भागिले ८,७६० तास, म्हणजे सुमारे ६६ सेकंद. पेट्या त्याच, खर्च तोच. फरक केवळ विचारपूस करण्याचा. एकीकडे ४ तास, दुसरीकडे ६६ सेकंद! विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत स्वतः करून पाहावा.

यातून एक चमत्कारिक गोष्टही निष्पन्न होते. राखीव योजना जितकी उत्तम, तितका बिघाड लपण्यास वाव अधिक. विजेच्या उपकेंद्रांत 'पीआरपी' नावाची एक पद्धत आहे. तीत प्रत्येक संदेशाच्या दोन प्रती दोन स्वतंत्र जाळ्यांतून एकाच वेळी धाडल्या जातात. जी आधी पोहोचेल ती घ्यावयाची, मागाहून आलेली टाकून द्यावयाची. एक जाळे संपूर्ण तुटले तरी एका क्षणाचाही खोळंबा नाही. पण म्हणूनच ते तुटल्याचे कोणाला जाणवतही नाही! सर्व काही सुरळीत चालले आहे या समाधानात दिवस जातात आणि दुसरे जाळेही तुटते तेव्हा डोळे उघडतात. हे टाळण्यासाठी त्या पद्धतीत दर २ सेकंदांनी पहाऱ्याचे निराळे संदेश दोन्ही वाटांनी सोडले जातात आणि ते दोन्हीकडून आले की एकाच बाजूने, याची नोंद ठेवली जाते. दुखणे अंगाला जाणवत नसेल, तर नाडी मुद्दाम पाहावी लागते.

आणखी एक पेच ऐका. पोळाच्या दोन टोकांना दोन पहारेकरी उभे आहेत. एकाला दुसऱ्याची काठी ऐकू येईनाशी झाली. त्याने काय समजावे? दुसरा झोपी गेला, की वारा फिरल्यामुळे आवाज येत नाही? गेटवेंच्या बाबतीत असे घडते की, दोन्ही पेट्या धडधाकट असतात, पण त्यांच्यामधील तार तुटते. राखीव म्हणतो, 'मुख्य गेला. आता मीच मुख्य.' मुख्य तर मुख्य आहेच. एका म्यानात दोन तलवारी! मॉडबसच्या साध्या तारेवर प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच मालकाचा असतो. दोघे एकदम बोलू लागले, की कोणाचेच बोलणे यंत्राला समजत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकाने 'झडप उघड' आणि दुसऱ्याने 'झडप मीट' म्हणावे.

यावर उपाय असा की, ठोके एकाच तारेने न पाठविता दोन निरनिराळ्या वाटांनी पाठवावे. दुसरा उपाय साक्षीदाराचा. काठी ऐकू न आलेल्या पहारेकऱ्याने स्वतःला विचारावे, 'देवळातील घंटा तरी मला ऐकू येते आहे काय?' तीही ऐकू येत नसेल, तर दोष आपल्याच कानाचा. मग मुकाट्याने जागेवर बसावे. त्याप्रमाणे गेटवेही एखाद्या तिसऱ्या यंत्राला हाक मारून पाहतो आणि तिघांपैकी दोघांचे मत जुळले तरच अधिकार हाती घेतो. बरा झालेला मुख्यही तडकाफडकी गादीवर परत बसविला जात नाही. तो काही काळ स्थिर राहिल्याची खात्री झाल्यावरच त्याला परत बोलावितात. एरवी सत्ता या हातातून त्या हातात अशी सारखी हेलकावे खात राहील.

शेवटचा धोका सर्वांत सूक्ष्म आहे. दोन पहारेकरी ठेवले, दोघेही जागे आहेत; पण दोघांना एकाच ठिकाणी अन्न वाढले आणि ते अन्नच विषारी निघाले तर? २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनमध्ये असेच घडले. विमानांच्या प्रवासाचे आराखडे युरोपच्या मध्यवर्ती कार्यालयाकडून एका रूपात येतात. ब्रिटनच्या नियंत्रकांना ते दुसऱ्या रूपात लागतात. हे रूपांतर करणारी यंत्रणा म्हणजे एक गेटवेच होय, आणि तिचीही मुख्य व राखीव अशी जोडी होती. त्या दिवशी लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा आराखडा आला. त्यात 'डीव्हीएल' या एकाच संक्षिप्त नावाची दोन ठिकाणे होती: एक अमेरिकेतील डेव्हिल्स लेक आणि दुसरे फ्रान्समधील दोव्हिल. दोहोंमध्ये सुमारे ४,००० सागरी मैलांचे अंतर! यंत्रणेने एकाच्या जागी दुसरे धरले आणि तिचा हिशेब जुळेना. चुकीची माहिती पुढे जाऊ नये म्हणून ती नियमाप्रमाणे थांबली. राखीव तत्परतेने पुढे आला आणि त्याने तोच आराखडा हाती घेतला. त्याची बुद्धीही मुख्यासारखीच, तेव्हा त्याचा हिशेबही तसाच चुकला आणि तोही थांबला. हे सर्व २० सेकंदांच्या आत! पुढच्या ४ तासांची माहिती आधीच साठविलेली असल्याने आकाशातील विमाने सुरक्षित राहिली. परंतु नवे आराखडे माणसांना हातांनी भरावे लागले, उड्डाणांवर मर्यादा आली आणि ७ लाखांहून अधिक प्रवाशांचा खोळंबा झाला.

याहून जुने उदाहरण ४ जून १९९६ चे. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानात कूरू येथून एरियान-५ या अग्निबाणाने पहिले उड्डाण केले. दिशा सांगणारी दोन यंत्रे त्यात होती. दोन्ही हुबेहूब सारखी आणि दोन्हींत आधीच्या एरियान-४ साठी लिहिलेली आज्ञावली. नव्या बाणाचा वेग अधिक, म्हणून एक संख्या ३२,७६७ या मर्यादेच्या पलीकडे गेली आणि यंत्र बंद पडले. राखीव यंत्र तर मुख्याच्याही क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडले होते! उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत बाण आकाशात फुटला. सुदैवाने त्यात माणसे नव्हती.

वर केलेला २६ सेकंदांचा हिशेब येथे का लागू पडत नाही? कारण तो करताना आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती: दोघांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतात. तार तुटणे, पेटी तापणे हे बिघाड बहुधा तसे असतात, तेही दोघांची वीज आणि जागा निराळी असेल तर. विचारातील चूक मात्र दोघांत सारखीच असते, आणि तेथे दोन म्हणजे एकच. म्हणून जाणते लोक राखीवाला निराळ्या विजेवर, निराळ्या खोलीत आणि शक्य तेथे निराळ्या बुद्धीचे यंत्र म्हणून बसवितात. ज्या संदेशाने मुख्य कोसळला, तो संदेश न तपासता राखीवाच्या ताटात वाढू नये, हेही त्यांनी ठेचा खाऊन शिकलेले शहाणपण आहे.

विद्यार्थिमित्रांनो, राखीव वस्तू आपल्याही घरी असतात. टेबलाच्या खणातील विजेरी, शेजाऱ्यांकडे ठेवलेली जादा किल्ली, कपाटावरचा स्टोव्ह. त्या आहेत एवढ्याच जाणिवेवर आपण निर्धास्त असतो. आज घरी गेल्यावर विजेरीचे बटण एकदा दाबून पाहा आणि ती जादा किल्ली कुलपात फिरवून पाहा. बहुतेक घरांत एक तरी राखीव वस्तू आपले कर्तव्य विसरलेली आढळेल. हे दिवसाउजेडी कळले तर हसण्यावारी जाते. अंधाऱ्या रात्री कळले तर नाही.

त्या प्रसंगानंतर आमच्या कारखान्यात एक पद्धत रूढ झाली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी, सर्व माणसे जागेवर असताना, मुख्य गेटवे मुद्दाम बंद करावयाचा आणि दिवसभर राखीवाकडून काम घ्यावयाचे. काका सेवानिवृत्त होईपर्यंत त्या दिवशी पडद्यासमोर स्वतः बसत आणि दशांश चिन्हापुढचा आकडा थरथरतो आहे ना, एवढेच पाहत. तो थरथरताना दिसला, की ते खुर्चीला पाठ टेकीत आणि म्हणत, "जागा आहे. आता चहा मागवा."